पाहुण्यांना संभाजीनगर दाखवताना आधी वार बघा, मग ऊन, मग गुडघे

मंगळवारी वेरूळच्या फाटकापाशी एखाद-दुसरी गाडी हमखास उलटी वळताना दिसते. सोमवारी तोच प्रकार अजिंठ्याच्या फाट्यावर. गाडीत पुण्या-नागपूरहून आलेली मंडळी असतात, डिकीत पोळी-भाजीचे डबे असतात आणि पुढच्या सीटवर तोंड पाडून बसलेला आपला इथलाच यजमान असतो. बाहेरच्या माणसाने वार विसरला तर समजू शकतं. पण आपण इथलेच असल्यामुळे 'आपल्याला काय विचारायचंय' या भरवशावर निघतो, आणि तिथेच फसतो.

वार सांभाळला तरी पुढची चूक ठरलेली. यादी अंतराने लावली जाते: दौलताबाद वाटेत आहे तर ते आधी उरकू, मग खुलताबाद, मग वेरूळ, येताना मकबरा आणि पाणचक्की. नकाशावर हे फार सोयीचं दिसतं. प्रत्यक्षात किल्ल्याची चढण भर उन्हात येते, कैलास लेण्यापाशी पोचेपर्यंत पायांत गोळे आलेले असतात, आणि मकबऱ्यात मुलं कडेवर झोपलेली असतात. क्रम लावायचा तो वार, ऊन आणि गुडघे या तीन गोष्टींवर. किलोमीटर त्यानंतर.

कोणी काय कधी बांधलं हे इथे सांगत बसत नाही. ते प्रत्येक ठिकाणी पाटीवर लिहिलेलं आहे.

## टप्पा १: वार पक्का करा

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे फ्रिजवर लिहून चिकटवा. दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा यांना अशी साप्ताहिक सुट्टी नाही, म्हणून अडचणीचा वार त्यांच्या वाट्याला द्यायचा.

बंद नसलेल्या दिवसांतही सगळे वार सारखे नसतात. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते आणि वेरूळचा रस्ता खुलताबादवरूनच जातो. सोमवारी घृष्णेश्वराला रांग असते, श्रावणी सोमवारी तर विचारूच नका. रविवारी सगळीकडेच गर्दी, पण वेरूळला ती पसरते, कारण लेणी डोंगराच्या कडेने लांबवर आहेत. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, त्यामुळे तिथे रविवार म्हणजे प्रत्येक दारात उभं राहणं.

यावरून लांब वीकेंडचा सगळ्यात कमी त्रासाचा आराखडा असा निघतो: पाहुणे शुक्रवारी रात्री आले तर शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ, सोमवारी सकाळी दौलताबाद आणि दुपारनंतर शहर. शनिवारची खुलताबादची गर्दी टळते, सोमवारची अजिंठ्याची सुट्टी आड येत नाही.

सावधान: हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक पायी खुलताबादला जातात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी वेरूळचा बेत आखू नका. महाशिवरात्रीलाही तेच.

## टप्पा २: गुडघ्यांचा हिशेब

घरात बसून, सगळ्यांदेखत, स्पष्ट विचारा: कोण किती चढू शकेल? पाहुणे संकोचाने 'हो हो, चालेल' म्हणतात आणि अर्ध्यात बसतात. मावशी-आत्यांच्या बाबतीत तर त्यांच्या मुलांना वेगळं विचारा.

वेरूळ त्यातल्या त्यात सोपं. कैलास लेणं फाटकातून आत गेल्यावर समोरच आहे आणि त्याचं अंगण सपाट आहे. अजिंठ्याला सुरुवातीलाच पायऱ्यांची चढण आहे, ती संपली की लेण्यांना जोडणारा मार्ग बराचसा सरळ जातो, मध्ये मध्ये चढ-उतार. ज्यांना चढण झेपत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. दर आधी ठरवून घ्या, आणि जाऊन-येऊन की फक्त जाण्याचा हे नक्की विचारा.

दौलताबाद मात्र दोन वेगळी ठिकाणं समजा. चाँद मिनारापर्यंतचा भाग जवळजवळ सपाट आहे, तो कोणालाही दाखवता येतो. खंदक ओलांडल्यावर अंधेरी, म्हणजे काळोखी भुयारी वाट लागते, आणि तिथून वरच्या बारादरी महालापर्यंत दमछाक करणारी चढण. गुडघेदुखी, दमा, चक्कर यांपैकी काहीही असेल तर त्या माणसाचा किल्ला खंदकापाशी संपतो. कोणाला तरी त्यांच्यासोबत खाली थांबायला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, ऐनवेळी सगळेच वर जायला निघतात.

## टप्पा ३: तिकिटं, ओळखपत्र, गाडी

अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि मकबरा ही चारही ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. ऑनलाइन तिकीट खिडकीपेक्षा थोडं स्वस्त पडतं आणि रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तरी दहावीत गेलेल्या, उंच वाढलेल्या मुलाचं ओळखपत्र जवळ असू द्या.

ऑनलाइन काढताना दोन चुका नेहमीच्या. एक, ठिकाण चुकतं: यादीत 'औरंगाबाद लेणी' हे वेगळं ठिकाण आहे. ती मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी. वेरूळ समजून त्यांचं तिकीट काढणारे कमी नाहीत. दोन, फाटकात उभं राहून काढायला जातात. अजिंठा दरीत आहे, तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. आदल्या रात्री घरच्या वायफायवर काढा आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

अमेरिका-इंग्लंडहून आलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न वेगळा. भारतीय पासपोर्ट असेल तर भारतीयांचाच दर. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असलं पण ओसीआय कार्ड असलं तरीही भारतीयांचाच दर, मात्र कार्ड दाखवावं लागतं. ते हॉटेलच्या कपाटात किंवा आजोळच्या कपाटात राहिलं, तर खिडकीवर परदेशी पर्यटकाचा दर भरावा लागतो आणि तो कित्येक पट असतो. चार जणांचं कुटुंब असेल तर एवढ्याशा विसराळूपणाचे हजारांत जातात.

गाडी भाड्याची असेल तर फक्त 'वेरूळला किती घेणार' एवढं विचारून चालत नाही. किती तास, पार्किंग आणि टोल कोणाकडे, चढणीला एसी चालू राहणार की नाही, हे बोलून घ्या. आणि एक वाक्य आवर्जून सांगा: 'दादा, वाटेत कुठल्याही शोरूमला थांबायचं नाही.' न सांगितल्यास अर्धा-पाऊण तास साड्या आणि शाली बघण्यात जातो, आणि तो तास नेमका कैलासाच्या वाट्याचा असतो.

ताडून पाहा, निघण्याच्या आदल्या रात्री: वार बरोबर? तिकिटावरचं ठिकाण आणि तारीख बरोबर? ओळखपत्रं मूळ आहेत ना? उघडण्या-बंद होण्याच्या वेळा त्याच दिवशी पाहिल्या ना? वेळा ऋतूप्रमाणे आणि प्रशासनाच्या आदेशाने बदलतात, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

## टप्पा ४: पिशवीत काय

चटकन काढता-घालता येणारी चप्पल किंवा सँडल. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात, आणि लेसच्या बुटांनी दर दाराशी पाच मिनिटं खर्च होतात. उन्हाळ्यात बाहेरचा दगड तापतो, त्यासाठी जाड पायमोजे ठेवा.

पाणी माणशी दोन लिटर. टोपी. लहान टॉवेल. खाण्याची पिशवी चेनची हवी, कारण अजिंठा आणि वेरूळ दोन्हीकडे माकडं आहेत आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो. भडक अत्तर लावून जाऊ नका. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात, तिथे वास, धूर आणि आरडाओरडा तिन्ही टाळायचे.

## टप्पा ५: अजिंठ्याचा दिवस

अजिंठा शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा गाव, मग घाट. अडीच ते तीन तास धरा आणि सकाळी सहाला घर सोडा. 'नऊला उघडतं तर नऊला निघू' असं म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो, त्याला आदल्या रात्री लवकर झोपवा.

१. उतरायचं कुठे. एसटीने जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. कंडक्टरला 'अजिंठा' म्हटलं की तो अजिंठा गावाचं तिकीट देतो आणि माणूस गावात उतरतो. लेणी घाट उतरल्यावर, पुढे फर्दापूरच्या बाजूला आहेत. मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावकडे जाणारी गाडी पकडा आणि 'अजिंठा लेणी, टी-पॉइंट' असं स्पष्ट सांगा. व्ह्यू पॉइंटचा रस्ताही वेगळा आहे. गूगलने तिकडे नेलं तर लेणी समोरच्या कड्यात दिसतात, पण तुमची गाडी भलत्याच टोकाला असते.

२. बस बदला. खासगी गाड्या टी-पॉइंटवरच थांबतात. तिथे पार्किंग आणि सुविधा शुल्क भरायचं, दुकानांच्या रांगेतून चालत जायचं आणि एसटीच्या बसने पुढचे साधारण चार किलोमीटर. दगड, मण्यांच्या माळा, लेण्यांची पुस्तकं विकणारे मागे लागतात. जाताना 'येताना बघतो' एवढंही म्हणू नका. ते शब्द लक्षात ठेवतात, चेहऱ्यासकट.

३. आधी १ आणि २. वर पोचल्यावर लोक क्रमाने एकेक लेणं चाटून पुसून बघायला लागतात आणि दहाव्यापर्यंत येताना ढेपाळतात. लेणी सगळी मिळून तीस. चित्रं सर्वांत चांगली टिकली आहेत ती १, २, १६ आणि १७ मध्ये. या चारांना ताजे डोळे द्या. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यासमोर गर्दी साठायच्या आत जा.

आत शिरलं की काहीच दिसत नाही. दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात: 'काय, सगळं काळंच आहे,' म्हणून बाहेर. दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावले की गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी उगवतो: कललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, हातात निळं कमळ, गळ्यात मोत्यांची माळ. उजव्या हाताला वज्रपाणी. मुलं सोबत असतील तर त्यांना याच लेण्यातल्या एका खांबाच्या माथ्यावरची चार हरणं शोधायला लावा. अंगं चार, डोकं एकच, आणि ज्या हरणाकडे बघाल त्याला ते डोकं बरोबर बसतं. दुसऱ्या लेण्यात मान वर करा, तिथलं छत चुकवू नका.

सावधान: फ्लॅश नाही, भिंतीवर मोबाइलचा टॉर्च नाही, खांबाला टेकणं नाही. चित्रं ओल्या भिंतीवर नव्हे, मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन काढलेली आहेत. हाताच्या घामानेही ती जातात.

४. मग ९, १०, १६, १७. नऊ आणि दहा ही चैत्यगृहं, म्हणजे आत स्तूप असलेली. दहाव्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेलं नाव आहे. ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तो उभा होता तेव्हा लेणं मातीने बरंच भरलेलं होतं. १६ मध्ये फार रेंगाळू नका, वेळ १७ ला द्या. ओसरीपासूनच चित्रं सुरू होतात आणि आत जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. गाइड घ्यायचा असेल तर तो या लेण्यासाठी घ्यावा, कारण कोणती कथा कुठून सुरू होते हे आपलं आपल्याला उमगत नाही.

५. शेवट २६ वर. इथवर आलेले निम्मे लोक १७ नंतर 'झालं आता' म्हणून परततात. तसं करू नका. १९ वाटेत आहे, त्याचं दर्शनी तोंड दोन मिनिटं थांबून बघा, आणि सरळ २६ ला जा. डाव्या भिंतीत महापरिनिर्वाणाचा बुद्ध आडवा आहे. लांबी एवढी की एका नजरेत मावत नाही, खाली शोक करणारे शिष्य बसलेले. पायांपासून चेहऱ्यापर्यंत चालत जा. त्याच भिंतीवर पुढे मार, म्हणजे बौद्ध कथांतला मोहात पाडणारा असुर, आपल्या फौजेसह बुद्धाला विचलित करायला आलेला आहे, हत्तीसकट.

चार तास लागतात. जेवण खाली आल्यावर.

ताडून पाहा: टी-पॉइंटला परत जाणारी शेवटची बस किती वाजता, हे जातानाच विचारून घ्या.

आणि एक युक्ती, जी फार थोडे वापरतात. पाहुण्यांना परत रेल्वेने भुसावळ, नागपूर किंवा मुंबईकडे जायचं असेल तर परतीचं तिकीट जळगावहून काढा आणि अजिंठा शेवटच्या दिवशी ठेवा. लेण्यांपासून जळगाव साठेक किलोमीटर. सामान गाडीतच ठेवायचं, संध्याकाळी थेट स्टेशन. शंभर किलोमीटर उलट येऊन पुन्हा गाडी पकडण्याचा खटाटोप वाचतो.

## टप्पा ६: वेरूळचा दिवस

अंतर तीस किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणून लोक आरामात दहाला निघतात. दौलताबादपाशी रस्ता किल्ल्याच्या तटातल्या जुन्या अरुंद दरवाजातून जातो. एक बस आणि एक उसाचा ट्रॅक्टर समोरासमोर आले की पुढचा अर्धा तास तुम्ही तटबंदीच बघत बसता. साडेसातला शहर सोडा.

वेरूळची मुख्य चूक मात्र आत गेल्यावर होते. फाटकासमोरच १६ नंबर, म्हणजे कैलास. लोक थेट त्यात शिरतात. दीड तासाने बाहेर येतात, आणि मग बाकी कुठलंही लेणं डोळ्यांत भरत नाही. तासाभरात गाडीपाशी.

डोंगराची ही कड पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लेण्यांसमोरची वाट डोंगराच्या सावलीत असते, चालायला छान. दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि आतलं कोरीव काम उजळतं. म्हणून सकाळी चालून घ्या आणि कैलास दुपारी तीननंतर. उपाशीपोटी केशरी भात आधी खाल्ला की वरण-भात कोणी घेत नाही, तसं आहे हे.

१. आधी जैन लेणी (३० ते ३४). ही उत्तरेच्या टोकाला, मुख्य फाटकापासून किलोमीटरभर तरी लांब, म्हणून सर्वांत जास्त वगळली जातात. तिथवर वाहनाची सोय काय आहे हे तिकीट खिडकीवर विचारा. ३२ नंबरचं, इंद्रसभा, वरच्या मजल्यापर्यंत चढून बघा. आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका तिथे आहे. पानं आणि फळं जवळ जाऊन बघा: दगड आहे हे माहीत असूनही पाड लागलेल्या आंब्याकडे हात जातो. छतावर रंगाचे अवशेष आहेत. सकाळी इथे बहुधा तुम्ही एकटेच असता.

२. परतताना २९. धुमार लेणं. पावसाळ्यात जवळच धबधबा पडतो. वाट शेवाळलेली असते आणि कधी बंदही ठेवतात. पाटी लावलेली असेल तर माघारी फिरा. रील काढायला कठड्याबाहेर जाणाऱ्या भाच्याला तिथेच आवरा.

३. मग दक्षिणेकडची बौद्ध लेणी (१ ते १२). सगळी बघायची गरज नाही. ५, १० आणि १२ पुरेत. दहावं विश्वकर्मा, ज्याला जुने लोक सुतार की झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या कमानी दगडात कोरल्या आहेत. वरच्या सज्ज्यात जाता येत असेल तर जा. तिथून बुद्धाचा चेहरा समपातळीवर येतो. बारावं, तीन ताल, बाहेरून सरकारी वसाहतीसारखं दिसतं आणि लोक नाक मुरडून पुढे जातात. तिसऱ्या मजल्यावर एका रांगेत बसलेले बुद्ध पाहिले की मत बदलतं.

४. घृष्णेश्वर आणि जेवण. दुपारचं ऊन टाळायला हा उत्तम वेळ. मंदिर लेण्यांपासून जवळच आहे. पुरुषांना गाभाऱ्यात जाताना शर्ट-बनियन काढावं लागतं, तेव्हा त्या दिवशी गुंत्याचे कपडे नकोत. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. मंगळवारी चुकून आलाच असाल तर निदान हे दर्शन होतं, मंदिराला साप्ताहिक सुट्टी नाही. मात्र जेवायला फाटकाबाहेर पडण्याआधी त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, हे विचारूनच पडा. नकार मिळाला तर आधी कैलास उरकावा लागेल. तसं झालं तर डबे आत नेण्याऐवजी मंदिर आणि जेवण शेवटी ढकला.

५. तीननंतर १५ आणि कैलास. १५ नंबर, दशावतार, पायऱ्या चढून वर आहे. गुडघेवाल्यांनी ते सोडून थेट कैलासात सावलीला बसावं. कैलासात शिरल्यावर समोर गजलक्ष्मी. तिथे सगळे फोटोला थबकतात आणि चौकात कोंडी करतात. बाजूने आत व्हा. आधी अंगणातून मंदिराभोवती पूर्ण प्रदक्षिणा घाला, वर चढायची घाई नको. मंदिराचा सगळा भार पाठीवर घेतलेले हत्ती या प्रदक्षिणेतच दिसतात. दक्षिण बाजूला खाली कैलास हलवणारा रावण आहे: वीस हात लावून तो जोर करतोय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय आणि शंकर निवांत. भिंतींवर एका बाजूला रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत पट्ट्यापट्ट्यांत कोरलेलं आहे. मुलांना ओळखू द्या, लगेच उत्तर सांगू नका. मग वर जा.

बाहेर आल्यावर शेजारच्या डोंगरावरून वरून खाली बघायची वाट आहे. लेणं वरून खाली कसं खोदत आणलं, हे तिथूनच नीट कळतं. पावसात दगड निसरडे होतात. वाट बंद ठेवली असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका.

## टप्पा ७: दौलताबाद, फक्त सकाळी

शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. फाटक उघडताना तिथे हजर राहा. वर जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात आणि मार्चपासून दहानंतर चढणं म्हणजे शिक्षा.

क्रम असा: खालचा भाग जाताना बघत बसू नका, सरळ वर जा. चाँद मिनार, हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चिनी महाल हे सगळं उतरताना बघायचं. तेव्हा उन्हाचा त्रास कमी, कारण चढण संपलेली असते. फक्त मेंढा तोफ चढण्याआधी बघा, तिच्या मागच्या टोकाला कोरलेलं मेंढ्याचं तोंड मुलांना आवडतं आणि परतताना तेवढ्या पायऱ्या पुन्हा चढायला कोणी तयार नसतं.

अंधेरीत वटवाघळं आहेत, उग्र वास आहे, पायऱ्या उंच-सखल आणि ओलसर आहेत. टॉर्च पायांकडे धरा, छताकडे नको. पुढे एक मोठा माणूस, मध्ये मुलं, मागे एक मोठा माणूस. शिट्ट्या मारणारं टोळकं मागे असेल तर त्यांना आधी जाऊ द्या.

ताडून पाहा: बारादरीला पोचल्यावर पाण्याची निम्मी बाटली शिल्लक आहे ना? नसेल तर तिथून पुढे शिखराकडे न जाता उतरा.

फाटकाबाहेर हंगामात सीताफळं आणि पेरू टोपलीने मिळतात. भाव करा.

## टप्पा ८: शहर, चारनंतर

दुपारी घरी आणा, जेवू घाला, झोपू द्या. मग पाणचक्की, अर्धा तास पुरतो. डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने आणलेलं पाणी भिंतीवरून हौदात पडताना दाखवा, आणि त्या हौदाच्या खालीच दालन आहे हे सांगा. लोक हौदात मासे बघतात आणि खाली काय आहे हे न कळताच निघतात.

तिथून मकबरा जवळच. पाचच्या सुमारास आत जा, म्हणजे उन्हात आणि दिव्यात दोन्ही वेळा बघून होतो. 'गरिबांचा ताज' हे पालुपद यजमानानेच सुरू करू नये. पाहुण्याने आग्रा पाहिलेलं असतं आणि मग तो तुलनाच करत बसतो. संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो ते शोधायला लावा, नजर आपोआप बारकाव्यांवर जाते. कबर वरून, जाळीच्या कठड्यातून खाली बघायची आहे.

औरंगाबाद लेणी बघायची असतील तर ती मकबऱ्याआधी, तीन वाजता. रिक्षा सोडून देऊ नका, परतीची रिक्षा वर मिळत नाही. सात नंबरमध्ये आठ संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे आणि आत नर्तकी-वादकांचा एक सुरेख पट.

रात्री मांसाहारी मंडळींना जुन्या शहरात नान-खलिया खायला न्या. नान तंदूरचा, खलिया पातळ आणि झणझणीत. शाकाहाऱ्यांना गुलमंडी. जाताना भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा गाडीतूनच दाखवा. रात्री तिथे उतरून फोटो काढायला गेलात तर मागचे हॉर्न थांबत नाहीत.

## एकच दिवस असेल तर

अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात कोंबू नका. दोन्ही लेणी गाडीच्या खिडकीतून बघितल्यासारखं होतं. मंगळवार सोडून कुठलाही वार असेल तर सकाळी वेरूळ, दुपारी तीनपर्यंत तिथेच, येताना दौलताबादचा फक्त खालचा भाग, संध्याकाळी मकबरा. मंगळवार असेल तर अजिंठा. सकाळच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी अजिंठ्याचं नावही काढू नये.

## टप्पा ९: खरेदी सर्वांत शेवटी

हिमरूच्या शाली आणि पैठणी शेवटच्या दिवशी, स्वतःच्या गाडीने, चालकाच्या शिफारशीशिवाय. दुकानात माग मांडून ठेवलेला असतो, पण विकायला काढलेला माल त्याच मागावरचा असेल असं नाही. हातमागाचा की यंत्रमागाचा, हे सरळ विचारा आणि बिलावर लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली तर पुढचं दुकान. पैठणीचा पदर उलटा करून बघा. हाताने विणलेल्या पदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते, मोर मागूनही मोरच दिसतो. मागे कापलेले धागे लोंबत असतील, किंवा ते लपवायला जाळी लावलेली असेल, तर किंमत यंत्रमागाच्या साडीचीच द्या.